परत घेतलेलं कडवं

माझा धंदा काय होता, हे मला आजही एका शब्दात सांगता येत नाही. शिधापत्रिकेवर 'कापड फेरीवाला' असं लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण अमरावती-अकोल्याच्या बाजारात मला लोक 'डफवाला सिंधी' म्हणूनच ओळखायचे. हातात डफ, डफावर ठेका आणि ठेक्यावर बोलणं. गाणं नव्हे, बोलणंच. पण यमकात, न अडखळता, समोर जो माणूस उभा असेल त्याला धरून.

परवा टीव्हीवर काही परदेशी पोरं ठेक्यावर भराभर बोलत होती. आमची सूनबाई म्हणाली, ''मामाजी, याला हिप-हॉप म्हणतात. जागच्या जागी यमक जुळवायचं आणि समोरच्याला हरवायचं.'' मी म्हटलं, ''म्हणजे मी अकोल्याच्या बाजारात करायचो तेच की!'' ती हसली. तिला वाटलं म्हाताऱ्याची थट्टा चाललीय. म्हणून हे लिहायला घेतलं.

फाळणीनंतर आम्ही अमरावतीला आलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील. आई तिकडेच वारली होती. वडील सिंधमध्ये भगत होते. भगत म्हणजे पायात घुंगरू बांधून, लोकांमध्ये फिरत, गात आणि गोष्ट सांगत रात्र जागवणारा कलावंत. अमरावतीत त्यांचं ऐकायला माणसं होती ती फक्त छावणीतली, आणि त्या माणसांना तेव्हा गाणं नको होतं, छप्पर हवं होतं. वडिलांनी घुंगरू ट्रंकेत ठेवले आणि कापडाचं गाठोडं खांद्यावर घेतलं. मीही घेतलं.

आठवडाभर आम्ही बाजार फिरायचो. चांदूर बाजारला माझी जागा मिरची विकणाऱ्या एका बाईच्या शेजारी होती. जनाबाई तिचं नाव, सगळे जनामाय म्हणत. मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. जी भाषा कानावर पडली ती जनामायची, आणि तिच्याकडे मिरची घ्यायला येणाऱ्या बायांची. त्यामुळे मी शिकलो ती बायकांची बोली. वऱ्हाडात बाई बाईला 'काय वं' म्हणते आणि पुरुषाला 'काय गा' म्हणतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एका मिशाळ पाटलाला मी मोठ्या अदबीनं म्हटलं, ''काय वं पाटील, घेता काय छीट?'' सगळा बाजार पोट धरधरून हसला. पाटीलही हसला आणि चार वार छीट घेऊन गेला. जनामाय डोळे पुसत म्हणाली, ''असाच बोलत जाय रे पोट्ट्या, तुह्यं कापड पडून राहनार नाही.''

तेव्हापासून मी मुद्दाम बोलायला लागलो. जनामायला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी येत. ती मिरच्या निवडता निवडता गुणगुणायची आणि मी तिची चाल सोडून शब्द घ्यायचो. ठेका माझ्याकडे होताच, तो वडिलांच्या पायांतून आलेला. एका मातंग कारागिराकडून डफ करून घेतला आणि कापड विकता विकता बोलू लागलो. वर्ष-दीड वर्षात माझं कापड कमी आणि बोलणं जास्त विकलं जाऊ लागलं. दुकानदार सांगायचे, आमच्या दुकानासमोर उभा राहा. अमरावतीच्या एका टॉकीजनं टांगा दिला. खेळ बदलला की टांग्यातून गावभर फिरायचं.

या कामाचं थोडं सांगतो. डफाचं चामडं हवेवर चालतं. पावसाळ्यात ते ढिलं पडतं, मग कडबा पेटवून शेकावं लागतं. उन्हाळ्यात इतकं चढतं की ओलं फडकं फिरवावं लागतं. श्वास घ्यायला जागा नसते, ती लोकांनी द्यावी लागते. म्हणून ओळ अशी टाकायची की टाळी पडेल किंवा हशा पिकेल, आणि तेवढ्यात छाती भरून घ्यायची. शेवटचा शब्द आधी ठरवायचा आणि मग त्याच्याकडे चालत जायचं, हे तर मुख्य. ऐकणाऱ्याला वाटतं, मला आत्ता सुचलं. मला मात्र पोचायचं कुठं ते केव्हाच ठाऊक असतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. अमरावतीचे एक वकीलसाहेब नगरपालिकेला उभे राहिले, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी म्हटलं, ''नळाला पाणी आणतील.'' ते म्हणाले, ''शक्यतो आणतील, असं म्हणा.'' प्रत्येक ओळीत 'शक्यतो' घालायला लावलं. ठेक्यात 'शक्यतो' बसवून पाहा एकदा. ते पडले, शक्यतो माझ्यामुळे नसावेत. दुसरे एक गृहस्थ म्हैस हरवली म्हणून आले. मी तिच्या शिंगांचं, कपाळावरच्या चांदाचं असं वर्णन केलं की संध्याकाळपर्यंत तीन म्हशी दारात आल्या. त्यांतली एकही त्यांची नव्हती, पण एक त्यांना आपल्या म्हशीपेक्षा जास्त आवडली आणि तिला परत धाडताना त्यांचा जीव खालीवर झाला. टॉकीजच्या टांग्यातून तर मी एकदा खेळाचा शेवटच सांगून बसलो, की नायिका मरते. मालक काठी घेऊन धावला. पण दुपारच्या खेळाला बाया पदर सावरत, रडायची तयारी करून इतक्या आल्या की त्यानं काठी ठेवून दिली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

अकोल्यात तेव्हा भगवंतराव शाहिरांचं नाव होतं. अकोटच्या वाटेवरच्या एका गावचे शेतकरी, उंच, पांढरा फेटा, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बैल कान टवकारत. अकोल्याच्या बाजारात डफ त्यांचा. तिथल्या एका कापडवाल्यानं मला अमरावतीहून बोलावलं आणि भगवंतराव दुखावले. बाजारातल्या लोकांनाही मजा हवी होती. ठरलं की पुढल्या बाजारी, दुपारी, गुरांच्या बाजाराशेजारच्या मोकळ्या जागेत दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. हरेल त्यानं वर्षभर अकोल्यात डफ वाजवायचा नाही.

त्या दिवशी वडील माझ्याबरोबर होते. त्यांनी मला बाजारात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मराठी त्यांना शेवटपर्यंत आली नाही. ते गर्दीच्या पुढच्या रांगेत उकिडवे बसले.

भगवंतरावांनी सुरुवात केली. माझी बायकी बोली धरली, माझी विजार धरली, मग सरळच विचारलं: तुझं शेत कुठं, तुझं शिवार कुठं, तुझ्या बापाचा बांध-धुरा कुठं? लोक हसत होते. मीही हसत होतो, कारण हे सगळं मला अपेक्षितच होतं. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं की भाषा मला एका मिरचीवालीनं दिली, म्हणून ती झोंबते; आणि शेत नसलेल्या माणसाला सगळंच शिवार आपलं. जोरात टाळी पडली. भगवंतरावांनीही मान हलवली. चांगल्या ओळीला दाद द्यायचा त्यांचा तो रिवाज होता.

तिथं थांबायला हवं होतं. पण टाळी अंगात चढली होती. जनामायनं महिन्याभरापूर्वी मला एक गोष्ट सांगितली होती. भगवंतरावांची एकुलती मुलगी सुलोचना जनामायच्या गावी दिली होती. सासरच्यांनी दीड वर्ष तिचे हाल केले. एका सकाळी ती अंगावरच्या लुगड्यानिशी घराबाहेर पडली, तेव्हा जनामायनं तिला पाणी पाजलं, आपलं पांघरूण दिलं आणि मोटारीत बसवून बापाकडे धाडलं.

त्या पोरीवर मी चार ओळी टाकल्या. दर ओळीचा शेवट 'आली'. त्या ओळी मी इथं लिहीत नाही. यमक पक्कं होतं आणि ठेका बिनचूक होता, एवढंच सांगतो. हशा असा उसळला की बांधलेली गुरं बिथरली. भगवंतरावांचा हात डफावर पडता पडता तसाच राहिला. त्यांनी डफ काखेत घेतला, फेटा सारखा केला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

स्टेशनकडे जाताना वडिलांनी विचारलं, ''त्या माणसाचा हात मध्येच का थांबला?''

''हरले ते,'' मी म्हटलं.

''हरलेला माणूस ठेका पुरा करतो. तू त्याला काय म्हणालास?''

मी सांगितलं नाही. गाडीत ते माझ्या शेजारी न बसता समोरच्या बाकावर बसले, खिडकीकडे तोंड करून.

बाजारात बोललेलं पायी फिरतं. दोन आठवड्यांत ते कडवं चांदूर बाजारला माझ्या आधी पोचलं होतं. मी गाठोडं सोडायला लागलो, तर जनामायनं आपली मिरचीची पोती उचलून हातभर पलीकडे सरकवली.

''काय झालं, माय?''

''त्या लेकरानं काय केलं होतं रे तुह्यं?'' ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. ''म्या तुले ते बोलन्यासाठी सांगतलं होतं काय? मले वाटलं, पोट्ट्याची माय नाही, त्याले समजंल. मी तुले बोलनं शिकवलं, अन् तू माह्याच तोंडचं घेऊन त्या पोरीले मारलं.''

मी काहीबाही बोललो. ती गिऱ्हाइकाला मिरची मोजत राहिली.

त्या रात्रीपासून मला झोप लागेना, असं लिहिलं तर ते छान दिसेल. झोप लागायची. पण टांग्यात बसलं की तेच कडवं जिभेवर यायचं आणि मला दुसरं काही सुचायचं नाही. आठ दिवस असे काढून मी अकोटच्या मोटारीत बसलो.

भगवंतरावांचं घर सापडायला वेळ लागला नाही. दार एका मुलीनं उघडलं. वीस-एकवीसची असेल. मी नाव सांगायच्या आधीच तिनं ओळखलं. माझी बोली तोवर साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती.

''बाबा वावरात गेले,'' ती म्हणाली.

''तुमचीच माफी मागायला आलो, बाई. चुकलं माझं.''

सुलोचना उंबऱ्यातच उभी होती. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, ''इथं कोन आयकते तुमची माफी? मी अन् ही भिंत. बाजारात बोलले ना? मंग बाजारातच परत घ्या. मी पान्याले जातो तं पोट्टे तेच म्हनतात. ते म्हननं बंद करून दाखवा.''

''आणि भगवंतराव?''

''त्याईनं डफ वर टांगला. वर्षासाठी नाही, कायमचा. आता जा तुमी.''

परत घ्या! आमच्या धंद्यात हीच गोष्ट कुणी शिकवत नाही. चूक झाली असं मी डफावर सांगितलं असतं, तर लोकांनी आधी जुनं कडवं पुन्हा म्हटलं असतं आणि मग हसले असते. यमक लोकांच्या तोंडात एकदा बसलं की ते मागून परत मिळत नाही. एकच मार्ग होता. त्याच ठेक्यावर, त्याच 'आली'वर दुसरं कडवं करायचं, इतकं चांगलं की पहिल्याच्या जागी तेच तोंडात येईल. वाईट बोलताना मला अर्धा श्वासही लागला नव्हता. चांगलं बोलायला तीन आठवडे गेले आणि काही केल्या जमेना. जे जुळे ते प्रवचनासारखं वाटे. प्रवचन कोण गुणगुणतं?

शेवटी जनामायपाशी जाऊन बसलो. तिनं अजून माझ्याशी बोलणं सुरू केलं नव्हतं. मी म्हटलं, ''माय, मले एक शब्द दे. त्या पोरीसाठी पाह्यजे.'' आणि सुलोचना काय म्हणाली ते सांगितलं.

बराच वेळ ती देठ खुडत राहिली. मग कुणाशीच बोलत नसल्यासारखी म्हणाली, ''गाय संध्याकाळी गोठ्यात येते. तिले कोनी पुसते काय, कावून आली म्हनून?''

'कावून' म्हणजे 'का'; मला शब्द मिळाला होता. मी तिथंच डफ काढला. ती पोती पुन्हा जवळ ओढत म्हणाली, ''इथं नको वाजवू. माह्यं गिऱ्हाईक पयते.''

पुढल्या बाजारी अकोल्यात, त्याच जागेवर उभा राहिलो. लोक जमले, ''जुनंच म्हण,'' म्हणाले. मी म्हटलं:

सांजची गाय गोठ्यात आली, कोनी पुसलं का, कावून आली?
आपल्या घरची लेक आली, तिलेच पुसता, कावून आली?
घरदार माह्यं तुटलं, मुलूख सुटला, सीमा ओलांडून मी तुमच्या दारी आलो,
मले नाही पुसलं कोनी, तिलेच पुसता, कावून आली?

कुणी हसलं नाही. टाळीही पडली नाही, त्यामुळे मला श्वास घ्यायला जागा मिळाली नाही आणि छाती फुटायला आली. एक म्हातारा आपला बांधलेला बैल सोडून घेऊन चालता झाला. मला वाटलं, गेलं. पुढल्या बाजारी पुन्हा म्हटलं. त्याच्या पुढल्या बाजारीही. कापडवाल्यानं सांगितलं, हे रडगाणं माझ्या दुकानासमोर नको. मी दुकान सोडलं, कडवं सोडलं नाही. पावसाळा गेला, कापूस यायला लागला. एक दिवस भाजीबाजारातून जाताना माझ्या मागे दोन बाया बोलत होत्या. एकीची मुलगी माहेरी आली होती, दुसरीनं खोदून विचारलं असावं. पहिली ठसक्यात म्हणाली, ''सांजची गाय गोठ्यात आली, कोनी पुसलं का?'' मी मागे वळून पाहिलं नाही. डफ छातीशी धरून तसाच चालत राहिलो.

पुढं अकोल्यातला तो अख्खा हंगाम मी दुसऱ्याची जाहिरात केली नाही. भगवंतराव बाजारात येत, सरकी विकत आणि माझ्याकडे न पाहता जात.

आठ-नऊ वर्षं गेली. देवीची लस टोचायच्या मोहिमेत सरकारी दवाखान्यानं मला धारणीकडे नेलं. मेळघाटातल्या वस्त्यांवर लोक जीप पाहिली की रानात पळत. डफ वाजला तर थांबतील, असा हिशेब होता. चिखलदऱ्याची थंडी अंगात घेऊन, नावालाच रस्ता असलेल्या वाटेनं आम्ही पोचलो, तर पहिल्याच वस्तीत लस टोचणारी नर्स समोर आली. पांढरं पातळ, डोक्यावर उन्हासाठी फडकं.

''या,'' ती म्हणाली. ''तुमची बोली इथं चालनार नाही. मी सांगीन तसं बोला.''

सुलोचना अमरावतीला शिकून नर्स झाली होती आणि धारणी तिनं मागून घेतलं होतं. बारा दिवस आम्ही बरोबर फिरलो. ती मला तिथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेतले शब्द सांगायची, मी ते ठेक्यावर म्हणायचो, आणि माझे उच्चार ऐकायला म्हणून लोक रानातून परत यायचे. ते हसत असताना ती सुई टोचून मोकळी व्हायची. जुन्या गोष्टीचा एक शब्द तिनं काढला नाही. मीही काढला नाही. शेवटच्या दिवशी जीपची वाट पाहताना ती म्हणाली, ''पुढच्या आठवड्यात मी घरी चालली. बाबाले दिसत नाही आता. त्याईनं सांगतलं, त्या सिंध्याले घेऊन ये.''

मी तिच्याबरोबर गेलो तेव्हा सकाळच्या उन्हात भगवंतराव अंगणात बाजेवर बसले होते. फेटा नव्हता, त्यामुळे लहान दिसत होते. मी पाया पडलो.

''म्हन,'' ते म्हणाले.

''काय म्हणू, भगवंतराव?''

''पहिलं नाही. दुसरं.''

डफ आणला नव्हता. मी बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरून ते चार ओळींचं कडवं म्हटलं. म्हणता म्हणता लक्षात आलं, इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर ते कधी म्हटलंच नव्हतं.

''तिसरी ओळ लंगडते,'' ते म्हणाले. ''किती भरलं रे त्यात! घर बी, मुलूख बी, सीमा बी. तुले तवाच समजाले पाह्यजे होतं.''

''समजत होतं. पण काढवत नव्हतं.''

''कावून? तुह्यं दुःख होतं म्हनून? असंल मोठं. पन कडवं माह्या पोरीचं होतं. तू त्यात येऊन बसला.'' त्यांनी हात पुढे करून माझं मनगट चाचपलं आणि त्यावर दोन बोटांनी ठेका धरला. ''असं म्हन: 'मी तं परका दुरून आलो, बसाले जागा तुमीच देली.' बस. अन् मंग लेकीवर ये.''

मी नव्या ओळीसकट सगळं कडवं म्हटलं. ठेका कुठं अडला नाही.

''आता झालं,'' ते म्हणाले आणि घराकडे तोंड करून हाक दिली, ''सुलोचने, च्या मांड वं.''

सुलोचना दाराला टेकून उभी होती, केव्हापासून ते मला ठाऊक नाही.

''थांबा ना बाबा,'' ती म्हणाली. ''मी आयकून राहिली.'' मग माझ्याकडे पाहून म्हणाली, ''पुन्हा एकदा म्हना.''

मी म्हटलं.